अनवाणी गट

बसवनगुडी, ९ जानेवारी १९९४

शाम,

हे दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं तर तुला द्यावं की लपवावं, असा पेच प्रेमाला पडेल. फोनवर माझा आवाज ऐकला की तू रिसीव्हर खाली ठेवतोस. बसवनगुडीहून चिकपेट बसने अर्ध्या तासावर आहे, पत्राला दोन दिवस लागतील. लागू देत.

काम असं आहे. आमच्या हॉस्पिटलात डॉ. वेणुगोपाल टाचेवर संशोधन करताहेत. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी असते, तिच्यावर माणूस जन्मभर उभा राहतो. ती किती जाड असावी याचा आकडा पुस्तकात आहे, पण तो थंड देशातल्या, लहानपणापासून बूट घालणाऱ्या लोकांवरून काढलेला. आपल्याकडे कितीतरी माणसं अनवाणी हिंडतात. त्यांना तो आकडा कसा लागू होईल, हा डॉक्टरांचा प्रश्न. एक्स-रे मी काढते. आम्ही दोन गट केलेत, एक चपला घालणाऱ्यांचा, एक अनवाण्यांचा. पहिला लगेच भरला. दुसऱ्यात देवळांतले पुजारी आहेत, मार्केटातले हमाल आहेत, येलहंक्याकडचे शेतावर राबणारे आहेत, तरी माणसं कमी पडतात.

तूही तीन वर्षं अनवाणी आहेस. का, ते मला माहीत आहे. आप्पांना अग्नी मिळेपर्यंत पायात काही घालणार नाही, असं तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास. आप्पांनी देह मेडिकल कॉलेजला देण्याचं स्वतः लिहून ठेवलं होतं. ते गेले तेव्हा तू माल घ्यायला सुरतेला होतास, कॉलेजची गाडी दारात उभी होती, मी सही केली. आजही करेन. तूही मला आज माफ करणार नाहीस. हे दोन्ही तसंच राहू दे. पाच मिनिटं टाच देशील का, एवढंच विचारते. दुखत नाही, पैसे पडत नाहीत.

माझं ठीक आहे. घर बदललं. शेजारच्या शारदाबाई म्हणाल्या की एकट्या बाईने दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवाव्यात, विक्रेते आणि चोर दोघंही परत जातात. आणायला गेले. दुकानदाराने नंबर विचारला. कुणाचा सांगावा ते सुचेना, तशीच परत आले.

खाली अक्का लिहावं की नाव, हेही ठरत नाही.

पवित्रा


३ मार्च १९९४

शाम,

उत्तर येणार नाही असं धरूनच लिहिलं होतं, तरी रोज पेटी उघडून बघते.

तुझ्या दुकानाखाली फुलं विकणारी ठकुबाई परवा आमच्याकडे येऊन गेली. अनवाणी गटासाठी मीच बोलावलं होतं. मशीनसमोर लाकडी ठोकळ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "तोंडाचा फोटो काढायला स्टुडिओवाला पैसे घेतो. टाचेचा फुकट? म्हणजे माझ्या तोंडापेक्षा टाच बरी दिसते म्हण की." डॉक्टरांना मराठी येत नाही. सगळे का हसताहेत ते त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली.

जाताना तुझी तक्रार करून गेली. पूर्वी तू तिच्याशी दोन शब्द बोलायचास, आता घुम्यासारखा बसतोस. मोगऱ्याची माळ बैठकीच्या कडेला ठेवली तर तशीच वाळून जाते, तू हातही लावत नाहीस. देवाला फुलं घालायचीही सोडलीस का, असं ती मलाच विचारत होती. मी काय सांगणार?

रोज टाचा बघते, त्यामुळे आप्पांची टाच आठवते. दिवाळीच्या आधी माळ्यावरून साड्यांचे गठ्ठे काढताना ते पडले, सरळ उभे पडले, आणि उजव्या टाचेचं हाड चेपलं. मी तेव्हा एक्स-रेचं शिक्षण घेत होते. त्यांची फिल्म मीच काढली. ती अजून माझ्या कपाटात आहे. पुढे जन्मभर त्यांचं एक पाऊल जड पडायचं, एक हलकं, आणि जिन्यावरच्या आवाजावरून आपण पत्ते लपवायचो. तू किती वर्षं रोज त्या टाचेला तेल लावलंस. ते फक्त तुलाच लावू द्यायचे, माझा हात त्यांना टोचायचा.

पवित्रा


२२ मे १९९४

शाम,

रूपश्रीच्या लग्नात येलहंक्याला तू येशील हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी आले. मावशीच्या नातीच्या लग्नाला एरवी मी रजा घेतली नसती.

मी मांडवात वाटेच्या कडेला बसले होते. तू जेवायला जाताना माझ्या खुर्चीला लागून गेलास. तुझ्या धोतराचा सोगा माझ्या हाताला लागला. तुझी मान हललीसुद्धा नाही. मी उठून उभी राहिले होते, तशीच पुन्हा बसले. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि मला पाणी हवं का म्हणून विचारलं.

मला वाटलं होतं, तू रागाने बघशील. त्याची मी तयारी केली होती. न बघण्याची नव्हती केली.

प्रेमा हात धुताना भेटली. घाईत बोलली. तू घोरतोस, डोकं दुखतं म्हणतोस, पंख्याखाली बसूनही घामाने भिजतोस. लग्नातली अंगठी बोटात रुतली, सोनाराकडून कापून काढावी लागली. मी म्हटलं, वजन वाढलं असेल. ती म्हणाली, वजन नाही हो, माणूसच बदलला. मावशीचं मत आहे की मनात राग धरला की चेहरा असा जाड होतो. तेव्हा मलाही ते पटलं. तुझं नाक, ओठ, हनुवटी, सगळंच मला परकं वाटलं, आणि त्याचं कारण मी स्वतःलाच समजले.

पवित्रा


१४ जून १९९४

शाम,

हे पत्र न वाचता फाडू नकोस. बाकीची फाडलीस तरी चालेल.

टाचेच्या गादीचा तो आकडा कशासाठी लागतो, हे मी तुला नीट लिहिलं नव्हतं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. कधी कधी तिच्यात गाठ होते. गाठ झाली की अंगाची वाढ, जी विशीतच थांबायला हवी, ती पुन्हा सुरू होते. उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा, नाक, जीभ वाढतात. अंगठी रुतते, चपला लहान होतात. घाम येतो, डोकं दुखतं. हे इतकं हळू होतं की घरच्यांना रोज बघून कळत नाही. टाचेखालची गादीही जाड होते, म्हणून डॉक्टर टाचेचा एक्स-रे बघतात.

डॉ. वेणुगोपालांनी सोमवारी आम्हाला एका जुन्या पेशंटचे फोटो दाखवले, दर काही वर्षांनी काढलेले. शेवटचा फोटो बघून मी खोलीबाहेर गेले. रूपश्रीचा अल्बम मागवून घेतला आणि आपल्या मुंजी-लग्नांचे जुने फोटो त्याच्याशेजारी ठेवले. रागाने चेहरा जाड होत नाही, शाम. रागाने सोनाराकडे जावं लागत नाही.

पायाची वाढ सगळ्यात आधी चपलेला कळते. तुझ्या पायात चपलाच नाहीत.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मान हलवली. तीन वर्षं अनवाणी चालणाऱ्याची टाच जाड असणारच, त्यावरून काय ठरणार, असं त्यांचं म्हणणं. मग मी आमच्याच फिल्म त्यांच्यापुढे टाकल्या. आम्ही पाहिलेल्या अनवाणी लोकांची कातडी जाड आहे, भेगा पडलेली आहे, पण आतली गादी फारशी वेगळी नाही. त्यांनी त्या पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, भावाला घेऊन या. उशीर करू नका, गाठ वाढली तर डोळ्यांच्या नसा दाबते, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही.

तू माझ्याकडे यायला नको. दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात जा. प्रेमाला घेऊन जा. फक्त जा.

पवित्रा


२ जुलै १९९४

शाम,

कल्लाप्पा काल येऊन गेला. दुकानातला सगळ्यात जुना माणूस पाठवलास, म्हणजे निरोप विचार करून पाठवलास. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. जमिनीकडे बघत तुझे शब्द सांगितले: "आप्पांना अग्नी दे. मग टाच दाखवतो."

मी म्हटलं, नजर जाईल त्याची. तो म्हणाला, "शामण्णांना सांगितलं, अक्का. ते म्हणतात, जाऊ दे."

भटजींनी तुला दर्भाचा पुतळा करून विधी करायला सांगितलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. गवताला बाप म्हणू का, असं विचारून तू त्यांना परत पाठवलंस. मला त्या वेळी तुझा राग आला होता. आज तसं वाटत नाही. आप्पांचं खरंखुरं काहीतरी तुला हवं आहे, आणि ते कुठे आहे हे मी कधी विचारलं नाही. शिकवून झाल्यावर पुढे काय करतात, हा प्रश्न माझ्यासारख्या हॉस्पिटलात जन्म काढलेल्या बाईला पडायला हवा होता. सही करून मी घरी आले आणि स्वयंपाकघर धुतलं, एवढं आठवतं.

आप्पा काय म्हणायचे ते तुलाही आठवत असेल. ताग्यात सडण्यापेक्षा कापड कात्रीखाली गेलेलं बरं. त्यांचा शब्द मोडून मी सगळं परत मागणार नाही. पण कॉलेजात जाऊन येते. तोवर डोकं दुखलं की प्रेमाला सांगत जा, मनात ठेवू नकोस.

पवित्रा


१९ ऑगस्ट १९९४

शाम,

तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा कारकुनाने बसवून ठेवलं, दुसऱ्यांदा सुट्टी निघाली. आज शरीररचना विभागाच्या प्रमुख भेटल्या. डॉ. सुचेता म्हणून आहेत, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आल्या. माझं मराठी ऐकून आधी हसल्या. तुमच्या बोलण्यात कानडी स्वल्प जास्तच आहे, असं म्हणाल्या, स्वल्प हा शब्द त्यांनीही इथेच उचललेला. मग मी कशाला आले ते ऐकून घेतलं.

त्यांनी लपवलं नाही. मांस आणि बाकीचं कॉलेज वेळच्या वेळी दहन करतं. हाडं मुलांना शिकायला ठेवतात. आप्पांची आहेत, पण आणखी दोघांच्या हाडांत मिसळलेली. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी स्वतःला शिकवायला दिलंय. सगळं मी परत देणार नाही, आणि तुम्हीही मागू नका. एक हाड देईन. पण त्यांचं कुठलं, हे तुम्हाला ओळखावं लागेल."

मी फिल्म बरोबर नेली होती.

खिडकीपाशी लांब टेबल होतं. शिपायाने पत्र्याचा ट्रे आणून ठेवला. त्यात टाचेची हाडं होती, तिघांची. मी रोज टाचा बघते शाम, पण सावल्या बघते. हाड हातात घेतल्यावर ते इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. पाच हाडं नीट होती, एकसारखी. सहावं वरून चेपलेलं, बाहेरच्या अंगाला फुगलेलं. फिल्म काचेला धरली आणि हाड तिच्याशेजारी धरलं. डॉ. सुचेतांनी दोन्हींकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला लावलं.

आप्पांचा चेहरा तू शेवटचा पाहिला नाहीस, आणि मी पाहिला. हे तुला इतकी वर्षं टोचत असणार. आता जे उरलं आहे ते तुझ्या ओळखीचं आहे, माझ्या नाही. मी फक्त त्याचा फोटो काढला होता.

उद्या कल्लाप्पाला पाठव. हाड आणि फिल्म दोन्ही देते. कॉलेजचा कागदही देते, पण तुला त्याची गरज पडणार नाही.

पवित्रा


११ सप्टेंबर १९९४

शाम,

तू काय केलंस ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

कल्लाप्पाने मला सगळं सांगितलं. तू फिल्म बघितलीच नाहीस. कागद बाजूला सारलास. हाड उजव्या हातात घेऊन बाहेरच्या अंगावर अंगठा फिरवलास, जिथे फुगवटा आहे तिथे थांबलास, आणि दुकानात गिऱ्हाईक असताना बराच वेळ तसाच बसलास. मग कल्लाप्पाला म्हणालास, "हेच."

चामराजपेटेच्या स्मशानात अग्नी दिलास, त्या वेळी मी कामावर होते. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि मी वाटही पाहत नव्हते. त्या सकाळी आलेल्या प्रत्येकाला मी "हलू नका" म्हणायच्या ऐवजी "घाबरू नका" म्हणत होते, असं माझ्या बरोबरच्या मुलीने नंतर सांगितलं.

घरी येऊन तू जुन्या चपला काढल्यास. हे प्रेमाने सांगितलं. कापडात बांधून माळ्यावर ठेवलेल्या. पाऊल अर्धंच आत गेलं. तू जोर केलास, मग बसलास, आणि तिला म्हणालास की अक्काने लिहिलेलं खरं आहे.

म्हणजे तू वाचलंस.

आणि शुक्रवारी तू शब्दाला जागून आलास. प्रेमा बाहेर बाकावर बसली. मी नेहमीच्या जागी, मशीनच्या बाजूला उभी होते. डावा पाय ठोकळ्यावर ठेव, असं म्हणाले. तू मान इकडेतिकडे फिरवलीस, मला शोधल्यासारखी. मग म्हणालास, "समोर ये. कडेचं मला दिसत नाही."

साडेतीन वर्षांनंतरचे तुझे शब्द हे. मी समोर आले. पाऊल माझ्या हाताने सरळ केलं. ते आपल्या घरातल्या कुणाचंच वाटत नव्हतं. फिल्म काढली, धुवायला अंधाऱ्या खोलीत नेली आणि तिथे जरा जास्त थांबले.

मला मांडवातली ती खुर्ची आठवत होती. मी कडेला बसले होते. ठकुबाईची माळही कडेलाच वाळली होती. त्यातलं किती तुला दिसलं नाही आणि किती तू पाहिलं नाहीस, हे आता कोण सांगणार? तुलाही सांगता येणार नाही. मी विचारणारही नाही.

तुझी गादी आमच्या अनवाणी गटातल्या सगळ्यात जाड टाचेपेक्षाही पुष्कळ जाड निघाली. रक्त आणि डोक्याचा स्कॅन दोन्ही तेच सांगतात. ऑपरेशन नाकातून करतात, कवटी उघडत नाहीत. प्रेमाला मी दोनदा समजावलं आहे, तूही घाबरू नकोस. तारीख ठरली की डॉक्टर कळवतील.

तुझी फिल्म गटात धरता येत नाही. आजारी माणूस नमुन्यात चालत नाही. ज्यासाठी जानेवारीत तुला बोलावलं होतं ते काम तुझ्याकडून झालंच नाही, अनवाणी गट एका माणसाने कमीच राहिला.

पवित्रा


२० नोव्हेंबर १९९४

शाम,

ऑपरेशन होऊन महिना झाला. वॉर्डात मी रोज येत होते, तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी, बरोबर मधोमध उभी राहत होते. तू डोळे मिटून असायचास. नर्स म्हणायची झोपलेत. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते मला कळतं, पण मी तिला सरी, झोपू दे म्हणायची आणि खाली जायची.

डॉ. वेणुगोपालांनी कालचा रिपोर्ट दाखवला. गाठ निघाली. डाव्या डोळ्याचं कडेचं बरंचसं परत आलं आहे, उजव्याचं थोडं. आणखी किती येईल ते वर्षभरात ठरेल. घाम, डोकेदुखी कमी होईल. हात-पाय आणि चेहऱ्याची हाडं जशी झाली तशी राहतील. तुला हे कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. आरशात जो दिसतो तोच आता तू आहेस. मला तो चेहरा पाठ झाला आहे. मांडवात परका वाटला होता, आता वाटत नाही.

काल कल्लाप्पा आला. या वेळी आत आला, चहा घेतला, स्वल्प साखर म्हणत तीन चमचे घातली. बाळेपेटेतल्या चांभाराने तुझं पाऊल कागदावर आखून नव्या चपला केल्या, हे त्याने सांगितलं. चांभार म्हणाला, एवढ्या कातड्यात दोन गिऱ्हाइकं झाली असती. तू हसलास म्हणे. मला ते ऐकून बरं वाटलं.

मग त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तुझ्या जुन्या चपला होत्या. त्याला म्हटलं, या मला कशाला? तो म्हणाला, "शामण्णांनी सांगितलंय, अक्कांना द्या. आत ठेवू नका म्हणावं, दाराबाहेर ठेवा."

दाराबाहेरच्या चपलांचं मी फक्त पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

दुसरा निरोप त्याच्याकडे नव्हता. मी दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा मी घरी येणार आहे. दारातून सरळ आत येईन आणि तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसेन. कडेला बसणार नाही. बोलायचं नसलं तर बोलू नकोस. फक्त एवढं आहे की यापुढे तू माझ्याकडे बघितलं नाहीस तर ते डोळ्यांमुळे असणार नाही, आणि ते आपल्या दोघांनाही कळेल.

चपला पुसून दाराबाहेर ठेवल्या आहेत. आज संध्याकाळी कामावरून परत आले, फाटकातून त्या दिसल्या, आणि घरात कुणीतरी आलं आहे असं वाटून मी भराभर पायऱ्या चढले.

अक्का